बगरांची पाटी

पापडी गावात येऊन नुसतं ‘मार्सेलचं घर कुठं’ असं विचाराल तर दुपारपर्यंत फिरत राहाल. चर्चच्या मागच्या आळीतच मार्सेल इतके, की एकाला हाक मारली तर तिघं खिडकीत येतात. पण ‘बगरांचा मार्सेल’ म्हणा, की कुणीही हातातलं काम टाकून तुम्हाला थेट फाटकापर्यंत सोडून येईल.

आता बगर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव असतं कागदावर आणि चर्चच्या पुस्तकात, गावात त्याला विचारतं कोण? गावात घराण्याला नाव पडतं ते वेगळंच. कुणाचा पणजा लंगडत होता म्हणून सगळं घराणं लंगडे, कुणाची आजी नाकातून बोलायची म्हणून नातवंडंसुद्धा गेंगाणे. एकदा चिकटलं की पिढ्या गेल्या तरी सुटत नाही. पण आमचं नाव तसलं चेष्टेचं नाही, आमचं नाव साहेबानं दिलेलं आहे, असं मार्सेल छाती फुगवून सांगायचा. अगदी परवापरवापर्यंत सांगायचा.

माणूस साठी ओलांडलेला, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. तरुणपणी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या मशीनवर होता. डाव्या करंगळीचं टोक तिथंच राहिलं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे डोक्याला हात लावून बसले, हा दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन बापाच्या वाडीत उतरला. केळी लावली, सोनचाफा लावला. पहाटे चाफा तोडायचा, पानात बांधून बाजारात पोचवायचा, दिवसभर केळीला पाणी सोडायचं आणि मधल्या वेळात उगाच कुणाशी तरी वाद घालायचा, असा त्याचा दिनक्रम. बायको फ्लॉसी म्हणायची, हा मेल्यावर पेटीतसुद्धा कूस बदलत राहील.

नावाची गोष्ट अशी. मार्सेलचा आजा मिठागरावर कामाला होता, इंग्रजांच्या काळात. एकदा मिठाचा साहेब तपासणीला आला. भरतीचं पाणी नुकतंच उतरलेलं, खाडीकाठी गुडघाभर चिखल, आणि साहेबाच्या पायात चकचकीत बूट. आज्यानं त्याला खांद्यावर घेतलं आणि चिखल ओलांडून काठावर आणून सोडलं. साहेब खूश झाला आणि म्हणाला, ‘यू बगर!’ म्हणजे शाब्बास रे पठ्ठ्या. साऱ्या मिठागरानं ते ऐकलं आणि तेव्हापासून आजा बगर झाला. साहेबानं त्याला रजाही दिली म्हणे, कारण आजा तो अख्खा उन्हाळा निर्मळला मामाच्या घरी जाऊन राहिला. परत आल्यावर मिठागरावर पुन्हा गेलाच नाही. एवढा मान मिळालेल्या माणसानं मीठ कशाला वाहायचं?

ही गोष्ट नुसती सांगायची नव्हती, करून दाखवायची होती. नाताळचं जेवण झालं की आजा अंगणाच्या मधोमध उभा राहायचा. पाठीत वाकायचा, दोन्ही हात खांद्याशी नेऊन साहेबाचे पाय धरल्यासारखे करायचा, चार पावलं टाकायचा. मग हनुवटी वर करून, नाकातून, साहेबाच्या आवाजात म्हणायचा, यू बगर. त्यावर उजव्या खांद्याला एक हिसका आणि मांडीवर तळव्याचा आवाज, धप्प. घरातले पोट धरधरून हसायचे. आज्यानंतर हे सगळं बापानं उचललं, बापानंतर मार्सेलनं. पावलं तीच, आवाज तोच, हिसका तोच, एका अक्षराचा फरक नाही. धप्प म्हणजे काय, तर साहेबानं पाठीवर मारलेली शाबासकीची थाप, असं बाप सांगायचा. फ्लॉसीनं लग्न झालं त्याच वर्षी विचारलं होतं, की खांद्यावर बसलेला साहेब पाठीवर थाप कशी मारेल. सासऱ्यानं सांगितलं, तू जेव.

जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधलं तेव्हा मार्सेलनं फाटकाच्या खांबावर काळ्या दगडाची पाटी बसवली. तिच्यावर सोनेरी अक्षरात, इंग्रजीत, ‘बगर व्हिला’. मराठीत लिहिली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण साहेबाचं नाव साहेबाच्या भाषेत पाहिजे, असा त्याचा हट्ट. स्पेलिंगसुद्धा ऐऱ्यागैऱ्याला नाही विचारलं. कारखान्यातला त्याचा जुना सुपरवायझर फेबियन बांद्र्याचा, घरात इंग्लिश बोलणारा. तो स्वतःच्या भावांना येता-जाता बगर म्हणायचा. त्यावरून मार्सेलला कित्येक वर्षं वाटत होतं की बांद्र्यात आपली एखादी शाखा असणार. त्या फेबियननं फोनवर सांगितलं, बी-यू-डबल जी-ई-आर. सांगताना तो फार हसला. मार्सेलला वाटलं, आनंद झाला असेल.

तर त्या गुरुवारी त्याची एकुलती एक मुलगी शर्ली कामावरून घरी आली आणि चपला काढायच्या आत म्हणाली की फाटकावरची पाटी काढा. रविवारच्या आत काढा. का, ते विचारू नका.

शर्लीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा जॉयल, एव्हरशाईन सिटीत राहणारा, शांत, नाव ठेवायला जागा नाही असा. आई-वडील गेल्यावर त्याला आत्यानं सांभाळलं, ती लिडिया. ती इंग्लंडात नर्स होती, तिथूनच पैसे पाठवून तिनं त्याचं शिक्षण केलं. तिनं हो म्हटल्याशिवाय जॉयल पुढं पाऊल टाकणार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. ती सुट्टीवर आली होती आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेनंतर घर बघायला येणार होती. जॉयलला शर्लीनं आई-बापांना आजवर स्टेशनजवळच भेटवलं होतं, घरी कधी आणलं नव्हतं. मार्सेलला ते आता लक्षात आलं आणि त्याचं डोकं फिरलं. बगरांच्या घराची लाज वाटते होय हिला?

त्या रात्री त्याला घास गेला नाही. सकाळी वाडीत त्यानं एकाच केळीच्या बेटाला दोनदा पाणी सोडलं, आणि चाफ्याची टोपली विहिरीवर विसरून तसाच बाजारात गेला. फ्लॉसीला विचारलं तर ती म्हणाली, मला इंग्लिश कुठं येतं, पण पोरगी उगाच बोलनार नाय. त्याला काहीबाही आठवायला लागलं. घराला आशीर्वाद द्यायला आलेले फादर पाटीवर पवित्र पाणी शिंपडताना खोकले होते. खोकला चांगला लांबला होता. कुरियरवाला पोरगा पाटीसमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढून गेला होता, आणि मार्सेलनं कौतुकानं त्याला केळी दिली होती. एकेक आठवत गेलं तसं त्याला घरात बसवेना. शेवटी त्यानं स्कूटर काढली आणि एव्हरशाईनला दिनानाथकडे गेला.

दिनानाथ कारखान्यात हजेरी घ्यायचा. मूळचा मालवणकडचा, इंग्रजी पेपर वाचणारा आणि पोटात गोष्ट ठेवणारा. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि मोबाईलवर शब्द टाकला. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं. सुनंदावहिनी चहा घेऊन आल्या तसा त्यानं मोबाईल पालथा घातला.

वहिनी आत गेल्यावर दिनानाथ घसा साफ करून म्हणाला की शब्द जुना आहे, अर्थ पुष्कळ आहेत, काही तर अगदी साधे आहेत. मार्सेल म्हणाला, पयला सांग. तेव्हा दिनानाथनं खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात सांगितलं. साहेबाच्या देशात पुरुषानं पुरुषाशी नाहीतर जनावराशी संग केला तर त्याला हा शब्द होता, कायद्यातला, आणि त्यासाठी माणसाला फासावर चढवत. पुढं अर्थ झिजला आणि नुसती शिवी उरली. आता तिकडं चहा सांडला तरी म्हणतात, मित्राच्या गळ्यात हात टाकूनही म्हणतात, आणि समोरच्याला पायपुसणं समजूनही म्हणतात. मोठ्यांसमोर मात्र अजून जीभ आवरतात.

“हल्ली कुणी मनाला लावून घेत नाही रे,” दिनानाथ म्हणाला.

“त्यांचं काय जातं,” मार्सेल म्हणाला. “त्यांनी ते घरावर लिवलेलं नाय.”

चहा तसाच राहिला. परत येताना त्याला वाटलं, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे बघतोय. त्याला आज्याचा राग आला, बापाचा आला, फेबियनचा तर इतका आला की भर चौकात स्कूटर थांबवून त्यानं त्याला फोन लावला. उचलला तसा काय बोलावं ते कळेना, म्हणून कापून टाकला. एवढी वर्षं आपण भर अंगणात नाचून नाचून स्वतःला शिवी देत होतो. लाज वाटली त्याला, अशी लाज कारखाना बंद पडून नोकरी गेली तेव्हाही वाटली नव्हती.

शनिवारी सकाळी त्यानं शर्लीला विचारलं, की पाटी बसवली तेव्हाच का नाही बोललीस. ती डबा भरत होती. तिनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

“तुम्ही किती खूश होता डॅडी,” ती म्हणाली. “मला माहीतच होतं. माझं कामच ते आहे. दिवसभर फोनवर इंग्लंडातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. कुणाचं पार्सल उशिरा पोचलं की मी बगर. कुणाचं बिल चुकलं की मी बगर. ते म्हणतात आणि मी सॉरी सर म्हणते. अर्थ गेला खड्ड्यात, पण तो सूर असतो ना, तो कानात घेऊन घरी यायचं. आणि घरी येऊन बघावं तर फाटकावर सोन्याच्या अक्षरात तेच.”

ती कामावर गेल्यावर मार्सेलनं छन्नी-हातोडी काढली. पाटी चांगलीच पक्की बसवलेली होती, स्वतःच उभं राहून बसवून घेतली होती ना. प्रत्येक घावाला त्याला वाटत होतं, दगड फुटला तर बरं. फुटला नाही. पाटी त्यानं वाडीत नेऊन पंपाच्या खड्ड्याजवळ पालथी टाकली. फाटकावर सिमेंटचा उघडा चौकोन राहिला, तो पाटीपेक्षा जास्त दिसत होता. फ्लॉसीनं तिथं मनी प्लँटची कुंडी टांगून बघितली आणि काढून ठेवली.

रविवारी मिस्सा संपून बराच वेळ झाला तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. मार्सेल खिडकीतून दारात, दारातून फाटकात, फाटकातून परत खिडकीत. शर्ली फोन लावत होती, जॉयलचा लागत नव्हता. फ्लॉसीनं वाइनचे ग्लास दोनदा पुसले. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी गलका झाला, आणि साऱ्या पापडीला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारची एमिली ओरडत आली.

“बगरदादा, तुमचे पावने! केवडे फिरतात बिचारे. मार्सेल, मार्सेल विचारत व्हते. मी बोलली, बगर बोला ना सरळ.”

शर्लीनं डोळे मिटून घेतले. जॉयल खालचा ओठ दाताखाली धरून जमिनीकडे बघत होता. त्याच्या शेजारी लिडिया, केस कापलेली, सुती फ्रॉकातली, बांधेसूद बाई. तिनं फाटकावरचा सिमेंटचा चौकोन बघितला, मग मार्सेलकडे बघितलं.

“ती काय बोलली?” तिनं विचारलं. इतकी वर्षं परदेशात काढूनही बोली इथलीच राहिली होती.

गप्प बसायचं, विषय बदलायचा, केक पुढं करायचा, असं मार्सेलनं ठरवलं होतं. पण गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

“बगर बोलली,” तो म्हणाला. “आमी बगर. पाटी पन व्हती, काल मी काढली. अर्थ मला परवा कळला. त्या आदी मी तो मिरवत व्हतो.”

लिडिया आत येऊन बसली. तिनं सगळी गोष्ट ऐकून घेतली, मिठागर, साहेब, चिखल. मग म्हणाली की तिकडं वॉर्डात तिला लोक नाही नाही ते म्हणाले आहेत, त्यात हा शब्द तसा बरा. एक म्हातारा रोज तिला या शब्दानं हाकलून द्यायचा, आणि घरी जायच्या दिवशी तोच शब्द म्हणून तिचा हात धरून रडला. सगळं सुरावर असतं. तुमचा साहेब म्हणाला कसा, ते कुणाला ठाऊक आहे का?

“ठाऊक कसा नाय,” मार्सेल म्हणाला. “आज्यानं केला तसाच बापानं केला, तसाच मी करतो.”

“मग कर.”

शर्ली ‘नको डॅडी’ म्हणाली. पण तो उठला होता. खोलीच्या मधोमध जाऊन तो वाकला, हात खांद्याशी नेले, चार पावलं टाकली. लिडिया हसऱ्या चेहऱ्यानं बघत होती. आज्यानं नातवासाठी जपून ठेवलेला साहेबाचा आवाज त्याच्या नाकातून बाहेर आला, “यू बगर!”

लिडियाचं हसू गेलं. तिनं नजर वळवली आणि ग्लास हातात घेतला, तरी मार्सेलला कळायचं ते कळलं. त्या सुरात शाबासकी नव्हती. शर्ली दिवसभर ऐकते तो हाच सूर होता. पण अंगाला लागलेली सवय थांबत नाही. उजव्या खांद्याला हिसका बसला, तळवा मांडीवर आपटला, धप्प.

मार्सेल तसाच वाकलेला राहिला. खांदा आधी हलला होता. धप्प मागाहून आलं होतं. साहेब तर खांद्यावर होता, मग थाप मारली कुणी?

“ती थाप नाय,” तो हळूच म्हणाला.

“मी लग्नाच्या वर्षीच विचारलं व्हतं,” फ्लॉसी म्हणाली.

मग त्याच्या डोळ्यांसमोर सगळं उलटं फिरलं. चिखलाच्या मधोमध साहेबानं वरून शिवी हासडली, आणि आज्यानं त्याला तिथंच दिला टाकून, चकचकीत बुटांसकट. म्हणून तो उन्हाळाभर निर्मळला मामाकडे लपून राहिला. म्हणून मिठागरावर पुन्हा गेला नाही. तोंडानं सांगितलं असतं तर पोलीस दारात आले असते, म्हणून आज्यानं ते खांद्यानं सांगितलं, दर नाताळला. आणि बापाला मानाची हौस, त्यानं त्या धप्पची शाबासकी करून टाकली. मार्सेलचे डोळे भरून आले. आज्याचा अभिमान वाटला, आणि आपण एवढी वर्षं हिसका देत राहिलो तरी कळलं नाही म्हणून स्वतःचा रागही आला.

“टाकला त्याला?” शर्लीनं विचारलं. “खरंच?”

“चिखलात,” मार्सेल म्हणाला. “साऱ्या मिठागरासमोर. मग गाव बगर म्हननार नाय तर काय?”

लिडिया इतकी हसली की वाइन तिच्या फ्रॉकावर सांडली. डाग पुसता पुसता तिनं सांगून टाकलं, की पत्रिकेवर ‘बगरांची शर्ली’ असंच घाला, नायतर आमची मानसं लग्नाच्या दिवशी पन घर शोधत फिरतील. मार्सेलला ते धड ऐकू आलं नाही. तो वाडीत पोचलाही होता. पाटी एकट्याला उचलेना. मागून शर्ली आली, तिनं चांगल्या साडीचा पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली. मातीनं भरलेली पाटी दोघांनी आणून फाटकाशी टेकवली.

सोमवारी संध्याकाळी शर्ली घरी आली तेव्हा पाटी जागेवर होती, सिमेंट अजून ओलं होतं. मार्सेल ओट्यावर पानात चाफा बांधत बसला होता. त्यानं विचारलं, दिवस कसा गेला.

“आज परत एकजण म्हणाला,” ती म्हणाली.

मार्सेलचा हात थांबला. “मग?”

शर्लीनं बॅग खाली ठेवली आणि उजव्या खांद्याला हिसका दिला. मार्सेलनं ओट्यावर तळवा आपटला.

धप्प.